सीएच्या ऑफिसातली कपाटं रिकामी झाली. तुमचा पासवर्ड, ओटीपी आणि नोटीस आता कोणाकडे?

नाशिक : काही वर्षांपूर्वीपर्यंत सप्टेंबर महिना आला की नाशिक शहरातल्या सीए ऑफिसांच्या जिन्यात पिशव्या घेऊन बसलेली माणसं दिसायची. पिशवीत बिल बुकं, बँकेचं पासबुक, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, डिझेलच्या पावत्या. सुरगाणा, नांदगावकडचा माणूस असला तर त्याचा अख्खा दिवस त्यातच जायचा. आता तोच माणूस बिलांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतो, थोड्या वेळाने फोन येतो, "ओटीपी आला असेल, सांगा." ओटीपी सांगितला की रिटर्न भरलं जातं. ऑफिसला जायची गरज नाही, आणि ऑफिसातही फायलींची कपाटं जवळजवळ उरलेली नाहीत.

हा बदल सोयीचा आहे यात शंका नाही. प्रवासाचा खर्च वाचला, कागद हरवायचं टेन्शन कमी झालं. पण पूर्वी पिशवी आपल्या हातात असायची, ती कोणाकडे दिली हे माहीत असायचं. आता पासवर्ड कोणाकडे आहे, नोटीस कोणाच्या ईमेलवर येते, आपली बिलं कोणाच्या कॉम्प्युटरवर पडली आहेत, हे अनेक छोट्या व्यापाऱ्यांना, ठेकेदारांना आणि शेतकरी कंपन्यांच्या संचालकांना ठाऊकच नसतं. कळतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

लाल वहीपासून पोर्टलपर्यंत

लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही, त्यात रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज आणि ताळेबंद, असा हिशोबाचा प्रवास असायचा. १९८६ मध्ये बेंगळुरूत श्याम सुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी सुरू केलेल्या कंपनीचं टॅली हे सॉफ्टवेअर पुढे तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं आणि वहीची जागा कॉम्प्युटरने घेतली. तरी कागद होताच, कारण बिल कागदावर, चलन कागदावर आणि रिटर्नही कागदावर.

खरा फरक पडला तो सरकारने रिटर्नच ऑनलाइन घ्यायला सुरुवात केल्यावर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याची नोंदणी, रिटर्न, चलन, नोटीस, उत्तर, अपील सगळं पोर्टलवर गेलं. १३ ऑगस्ट २०२० पासून आयकराची तपासणीही चेहरा न दाखवता होऊ लागली. म्हणजे नाशिकच्या माणसाची फाईल देशातल्या कुठल्याही शहरातला अधिकारी तपासू शकतो. गडकरी चौकातल्या ऑफिसात जाऊन साहेबांना भेटून समजावण्याचा मार्ग त्यात नाही, जे सांगायचं ते लेखी आणि अपलोड करून. समोरासमोर बोलायचंच असेल तर ते व्हिडिओ कॉलवर.

त्यातच मार्च २०२० चं लॉकडाऊन लागलं. ऑफिसं बंद झाली, पण रिटर्न भरायचेच होते. तेव्हा अनेक सीए ऑफिसांनी कर्मचाऱ्यांना घरून काम दिलं. लॉकडाऊन उठलं तरी ती पद्धत राहिली.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की, माल विकणाऱ्याने आपलं बिल जीएसटी पोर्टलवर चढवलं आणि ते खरेदीदाराच्या 'टू-बी' या विवरणात दिसलं तरच भरलेल्या कराची वजावट मिळते. कृषी सेवा केंद्रवाल्याच्या हातात कंपनीचं शिक्क्याचं, सहीचं पक्कं बिल असलं तरी ते पोर्टलवर नसेल तर वजावट अडकते. हातातल्या कागदापेक्षा पोर्टलवरची नोंद मोठी झाली आहे. म्हणूनच सीएचा माणूस "बिल पाठवा" म्हणून मागे लागतो आणि मग महिनाभर पोर्टलशी ती बिलं जुळवत बसतो.

ऑफिस नाशिकला, अकाउंटंट येवल्यात

कागदाविना चालणाऱ्या ऑफिसात काम साधारण असं चालतं. दुकानदार बिलाचा फोटो किंवा पीडीएफ पाठवतो. बँकेचं स्टेटमेंट ईमेलवर येतं. ही सगळी कागदं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कुठूनही उघडता येईल अशा जागेत साठवली जातात. टॅलीसारखं सॉफ्टवेअरही ऑफिसातल्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. मग एंट्री करणारी मुलगी येवल्यात बसलेली असो की सटाण्यात, तिला तिच्या लॅपटॉपवरून तेच खातं उघडता येतं. तिचं काम वरिष्ठ अकाउंटंट तपासतो, आणि सही करायची ती सीए करतात. सहीसुद्धा डिजिटल.

सीएने काम बाहेरच्या माणसाकडून करून घेण्यात बेकायदा काही नाही. मात्र ऑडिट रिपोर्टवर सही ज्याची, जबाबदारीही त्याचीच राहते. आणि ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणाला देणं हे १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. त्यामुळे "माझं खातं तुमच्याकडे कोण बघतं? फोटो कुठे साठवता? माणूस काम सोडून गेला तर त्याच्या मोबाइलमधली माझी बिलं पुसली जातात का?" हे विचारण्यात संकोच नको. चांगलं ऑफिस या प्रश्नांवर रागावत नाही. बरीच ऑफिसं बिलांसाठी कर्मचाऱ्याचा खासगी नंबर न देता ऑफिसचा वेगळा नंबर किंवा ईमेल देतात. आपल्या सीएकडे तसा नंबर असेल तर बिलं त्यावरच पाठवावीत.

नोटीस पोस्टाने येईलच असं नाही

जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे अनेक मार्ग दिले आहेत. हातात देणं, स्पीड पोस्ट, नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर पाठवणं आणि पोर्टलवर टाकणं हे सगळे त्यात आहेत, आणि यातल्या कुठल्याही एका मार्गाने नोटीस बजावता येते. गावाकडचा माणूस पोस्टमनची वाट बघत राहतो आणि नोटीस पोर्टलवर येऊन पडलेली असते.

पुढचं गणित कडक आहे. समजा, एखाद्या ठेकेदाराने दोन-तीन महिन्यांचं रिटर्न भरलं नाही. त्याला रिटर्न भरण्यासाठी नोटीस निघते, मुदत १५ दिवसांची. तरी भरलं नाही तर अधिकारी हातातल्या माहितीवरून आपल्या अंदाजाने कर ठरवून आदेश काढू शकतो. सलग सहा महिने रिटर्न नाही, तर दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. आदेशाविरुद्ध अपील करायला तीन महिने मिळतात आणि सबळ कारण असेल तर आणखी एक महिना. अपिलासाठी वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. ही मुदतही हुकली आणि कर भरला नाही, तर वसुली थेट बँक खात्यातून होऊ शकते. पोर्टल न बघणाऱ्याला नोटीस, आदेश, अपिलाची मुदत यातलं काहीच कळत नाही. त्याला कळतं ते चेक परत आल्यावर किंवा बँकेत "खातं होल्डवर आहे" असं ऐकल्यावर.

ही अडचण फक्त गावाकडची नाही. जीएसटी पोर्टलवर 'नोटिसेस अँड ऑर्डर्स' आणि 'अॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' असे दोन वेगळे कप्पे होते आणि अनेकांनी दुसरा कप्पा उघडलाच नाही. त्यावरून मद्रास उच्च न्यायालयात बरीच प्रकरणं गेली. काहींमध्ये न्यायालयाने आदेश बाजूला ठेवून पुन्हा म्हणणं मांडायची संधी दिली, पण बऱ्याचदा वादातल्या कराची काही टक्के रक्कम आधी भरण्याच्या अटीवर. म्हणजे सुटका झाली तरी पदरचे पैसे आणि वकिलाची फी गेलीच.

उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा, रिटर्नचा ओटीपी सांगितल्यावर लगेच, स्वतः पोर्टल उघडून 'सर्व्हिसेस'मध्ये 'यूजर सर्व्हिसेस' आणि तिथे नोटिशींचे दोन्ही कप्पे बघायचे. आयकराच्या पोर्टलवर हेच 'ई-प्रोसिडिंग्ज'मध्ये दिसतं. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात, ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' केलं की नीट दिसतं. इंग्रजी समजत नसेल तर स्क्रीनचा फोटो काढून सीएला पाठवून "हे काय आहे" एवढं विचारलं तरी पुरे.

मोबाइल नंबर आणि ईमेल दुसऱ्याचाच असेल तर?

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. नोंदणी करताना दुकानदाराचा ईमेल नसतो. मग सल्लागार स्वतःचा ईमेल आणि कधीकधी स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. त्या वेळी सोय वाटते. पुढे फीवरून वाद झाला, सल्लागाराने धंदा बंद केला किंवा नंबर बदलला, की नोंदणी आपल्या नावावर असूनही किल्ली दुसऱ्याकडे राहते.

असे प्रकार इतके झाले की केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०१८ मध्ये त्यासाठी वेगळी सोय जाहीर केली. ज्याची नोंदणी आहे त्याने आपल्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जायचं. आपला अधिकारी कोण हे जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये जीएसटी नंबर टाकला की दिसतं. सोबत जीएसटी नंबर आणि व्यवसाय आपलाच असल्याचे पुरावे न्यायचे. अधिकारी खात्री करून नवा ईमेल आणि मोबाइल नंबर पोर्टलवर टाकतो. मग नव्या ईमेलवर यूजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो. त्याने 'फर्स्ट टाइम लॉगिन' करून दोन्ही बदलून घ्यायचे. यासाठी जुन्या सल्लागाराची परवानगी किंवा सही लागत नाही.

वाद नसेल तर इतकंही करावं लागत नाही. लॉगिन करून नंबर आणि ईमेल बदलण्याचा अर्ज पोर्टलवरच होतो, ओटीपीने खात्री होते आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीची गरज नसते. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, ते नातं चांगलं असतानाच उरकून घेतलेलं बरं.

आयकराचं त्याहून सोपं आहे. पॅन आणि आधार जोडलेलं असेल आणि आधारला आपलाच मोबाइल नंबर असेल, तर 'फरगॉट पासवर्ड'वर आधार ओटीपी घेऊन नवा पासवर्ड स्वतः लावता येतो. नंतर प्रोफाइलमध्ये जाऊन आपला नंबर आणि ईमेल टाकायचा.

आता ओटीपीबद्दल. सीएच्या ऑफिसाला ओटीपी सांगावाच लागतो, त्याशिवाय रिटर्न दाखल होत नाही. आयकराचं रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची खात्री झाली नाही तर ते रिटर्न ग्राह्य धरलं जात नाही, आणि ही खात्री बहुतेक जण आधार ओटीपीनेच करतात. पण ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचायचा. तो जीएसटीचा आहे, आयकराचा आहे, आधारचा आहे की बँकेचा, हे त्यात लिहिलेलं असतं. बँकेचा ओटीपी कुठल्याही सीएला कधीच लागत नाही. आणि ज्याच्यासाठी ओटीपी दिला त्या रिटर्नची पोचपावती त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर मागून घ्यायची.

पॅन आणि आधारची झेरॉक्स हातोहात फिरते, तिचाही गैरवापर होतो. दुसऱ्याच्या कागदांवर खोट्या फर्म उघडून बोगस बिलं फाडण्याचे प्रकार देशभर इतके वाढले, की १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी विभागांनी बोगस नोंदण्या शोधायची खास मोहीम घेतली. २०२४ मध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. आपल्या पॅनवर कुठे जीएसटी नोंदणी आहे का, हे लॉगिन न करता कोणालाही बघता येतं. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये 'सर्च बाय पॅन' निवडायचं. शेतमजुराने, विद्यार्थ्यानेसुद्धा एकदा बघून ठेवावं.

सहीचा पेनड्राइव्ह

कंपनीला, म्हणजे त्यात शेतकरी उत्पादक कंपनीही आली, डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या टोकनमध्ये असते, जास्तीत जास्त तीन वर्षं चालते आणि तिला वेगळा पासवर्ड असतो. अनेक ऑफिसांत ग्राहकांची अशी टोकनं डब्यात एकत्र ठेवलेली असतात, वर नावाची चिठ्ठी आणि कधीकधी चिठ्ठीवरच पासवर्ड. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ५ ने डिजिटल सहीला हाताच्या सहीचाच दर्जा दिला आहे आणि कलम ४२ प्रमाणे ती ताब्यात ठेवायची जबाबदारी सहीच्या मालकाची आहे. कोऱ्या चेकांवर सह्या करून चेकबुक दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कोणी ठेवत नाही. टोकनचंही तसंच आहे. काम असेल तेव्हा न्यायचं, सही लावून परत आणायचं. फारच लांब राहत असाल तर निदान ऑफिसकडून लेखी पोच घ्यावी आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवावा.

सगळेच 'सीए' नसतात

गावाकडे हिशोब करणाऱ्या प्रत्येकाला 'सीए साहेब' म्हणायची सवय आहे. त्यात सीए असतात, कर सल्लागार असतात, नोंदणी केलेले जीएसटी प्रॅक्टिशनर असतात आणि नुसता टॅलीचा कोर्स केलेले अकाउंटंटही असतात. रिटर्न भरून द्यायला यातलं कोणीही चालतं, आणि त्यातले कितीतरी जण उत्तम काम करतात. पण आयकराचं टॅक्स ऑडिट, कंपनीचं ऑडिट आणि बँकेला लागणारं सीएचं सर्टिफिकेट यावर सही सीएचीच हवी.

ती सही खरी आहे का, हे आता घरबसल्या तपासता येतं. सीएच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, १ फेब्रुवारी २०१९ पासून सर्टिफिकेटवर आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन हा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक सक्तीचा केला. पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सदस्य क्रमांकाचे आणि उरलेली दहा अंक-अक्षरं यंत्राने दिलेली. आयसीएआयच्या यूडीआयएन संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कागद कोणी, कधी आणि कशासाठी दिला ते दिसतं. कर्जासाठी एजंटाने आणून दिलेल्या सर्टिफिकेटवर हा क्रमांक नसेल, किंवा टाकल्यावर भलतंच काही दिसत असेल, तर तो कागद बँकेत देऊ नये. खोट्या कागदावर कर्ज घेतल्याचं बालंट कर्जदाराच्याच अंगावर येतं.

कागद फेकायचा की ठेवायचा?

डिजिटल कागदाला कायद्याने मान्यता आहे. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळायला लागला तेव्हा सुरुवातीला लोक "यावर तलाठ्याचा शिक्का कुठे" म्हणून विचारायचे. आता मोबाइलवरूनच काढतात. द्राक्षवाल्यांना तर ही सवय आधीपासूनची आहे. निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी अपेडाच्या ग्रेपनेटवर असल्याशिवाय युरोपला माल जात नाही.

तरी सीएला फोटो पाठवला म्हणून मूळ बिल चुलीत टाकू नये. फोटो ही नक्कल आहे, वाद झाला तर मूळ मागतात. जीएसटीची कागदं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ, २०२३-२४ च्या वार्षिक रिटर्नची तारीख होती ३१ डिसेंबर २०२४, म्हणजे ती बिलं डिसेंबर २०३० अखेरपर्यंत हवीत. कंपनीची पुस्तकं आठ वर्षं ठेवायची असतात. खरेदीखत, वाटणीपत्र, तारण करार यांची मूळ प्रत तर कायमची. मृत्युपत्राला माहिती तंत्रज्ञान कायदा लागूच होत नाही, ते कागदावरच लागतं.

एका गोष्टीत मात्र फोटो कागदापेक्षा टिकाऊ आहे. पेट्रोल पंपाची, काट्याची किंवा एटीएमची चिठ्ठी गुळगुळीत कागदावर येते. ती उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर काही आठवड्यांत कोरी होते. तिचा फोटो त्याच दिवशी काढायचा. फोटो सपाट जागी ठेवून, चारही कोपरे दिसतील असा, आणि व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा, म्हणजे आकडे पुसट होत नाहीत. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरात रेंज नसेल तर फोटो काढून ठेवून बाजाराच्या दिवशी पाठवला तरी चालतं. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला पाठवला तर मात्र चालत नाही. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचं विक्रीचं विवरण ११ तारखेला आणि कर भरण्याचं रिटर्न २० तारखेला असतं, आणि त्या दोन-तीन दिवसांत पोर्टलही रडतं.

आपल्या सगळ्या रिटर्नच्या, पोचपावत्यांच्या आणि ताळेबंदाच्या पीडीएफ दरवर्षी एकदा मागून स्वतःच्या ईमेलवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. सीए बदलायची वेळ आली तर याच फायली नव्या माणसाला द्याव्या लागतात.

शेतकरी कंपन्यांना वेगळा नियम

नाशिक जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या बऱ्याच आहेत. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी मोठी असेल तर तिच्याकडे स्वतःचा हिशोब विभाग असतो. शंभर-दोनशे सभासदांच्या कंपनीचा हिशोब मात्र बाहेरचंच कोणीतरी, लांबून करतं. ही कंपनी कंपनी कायद्याखाली येते आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एडिट लॉग' चालू असणं बंधनकारक आहे. कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद त्यात राहते आणि ती बंद करता येत नाही. ऑडिटरला त्याबद्दल रिपोर्टमध्ये लिहावं लागतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो. संचालक मंडळाच्या बैठकीत सीएला "एडिट लॉग चालू आहे का, बॅकअप कुठे आहे" हे विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घेतलं तर नंतर एकमेकांवर ढकलायला जागा राहत नाही.

गावच्या विविध कार्यकारी सोसायट्याही याच वाटेवर आहेत. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सचिवाच्या दप्तरातला खातेउतारा स्क्रीनवर आला तरी सभासदाने आपली कर्जाची बाकी आणि व्याज स्वतः ताडून बघायची सवय सोडू नये.

गावात बसून हिशोबाचं काम

याच बदलाने बी.कॉम. झालेल्या पोरापोरींसाठी एक दारही उघडलं आहे. पूर्वी अकाउंटंटची नोकरी म्हणजे नाशिक किंवा पुण्यात खोली करून राहणं. आता नाशिकच्या ऑफिसचं काम निफाड, कळवणमध्ये बसून होतं. त्यासाठी टॅली आणि एक्सेल पक्कं लागतं, जीएसटीची बिलं पोर्टलशी जुळवता यायला हवीत आणि टीडीएस कळायला हवा. घरी ब्रॉडबँड, लाइट गेली तर इन्व्हर्टर आणि शक्य असेल तर दोन स्क्रीन. लग्न होऊन गावात आलेल्या, आधी शहरात अकाउंटचं काम केलेल्या मुलींसाठी ही संधी विशेष आहे, कारण अनुभव आधीच गाठीला असतो.

दुसरं काम परदेशाचं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या अकाउंटिंग फर्मना तिथे माणसं मिळत नाहीत, म्हणून त्या पुस्तकं लिहिण्याचं आणि रिटर्न तयार करण्याचं काम भारतात देतात. अहमदाबाद हे त्याचं मोठं केंद्र आहे, पुणे-मुंबईतही हे काम चालतं. तिथे टॅलीऐवजी क्विकबुक्स आणि झेरो ही सॉफ्टवेअर लागतात आणि इंग्रजीत ईमेल लिहिता यावा लागतो. वेळेचं गणितही वेगळं. अमेरिकेच्या पूर्व भागात सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात, म्हणजे शिफ्ट संध्याकाळची. ऑस्ट्रेलियाचं काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपतं, ते शेतीसोबत जास्त जमतं. अमेरिकेत नियम असा आहे की ग्राहकाची कराची माहिती देशाबाहेर पाठवण्याआधी त्याची लेखी संमती घ्यावी लागते. त्यामुळे या कंपन्या पेनड्राइव्ह लावू देत नाहीत, स्क्रीनचा फोटो काढू देत नाहीत आणि कामाच्या खोलीत दुसरं कोणी बसलेलं चालत नाही. दोन खोल्यांच्या घरात ही अट पाळणं सोपं नाही, नोकरी घेण्याआधी याचा विचार करावा.

काम घेताना पगारी नोकरी आहे की कंत्राट, हे लेखी घ्यायचं. कंत्राटात टीडीएस कापला जातो आणि भविष्य निर्वाह निधी मिळत नाही. कापलेला टीडीएस आपल्या पॅनवर जमा झाला का, हे आयकर पोर्टलवर २६-एएस मध्ये बघता येतं.

"घरबसल्या डेटा एंट्री, रोजचे पैसे रोज" अशा जाहिराती मात्र वेगळ्या आहेत. त्यात आधी रजिस्ट्रेशन फी मागतात, मग कामात चुका दाखवतात आणि शेवटी करार मोडला म्हणून वकिलाची खोटी नोटीस पाठवून पैसे उकळतात. कुठलीही खरी फर्म नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर फोन जातो तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त असते.